दाखल रजिस्टर म्हणजे तालिका नव्हे

यावल तालुक्यातल्या फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन. पंडित नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी अधिवेशननगरीची सजावट केली, शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला, आणि साने गुरुजी, धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून त्याची तयारी केली. आज जळगाव किंवा धुळ्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला या अधिवेशनाविषयी वाचायचे असेल, तर त्याने ग्रंथालयात कोणते पुस्तक मागावे? नावातच ‘फैजपूर’ असलेले पुस्तक त्याच्या हाती लागेलच असे नाही. माहिती भरपूर आहे, पण ती साने गुरुजींच्या चरित्रांत आहे, नेहरूंच्या भाषणांत आहे, किसान चळवळीच्या इतिहासात आहे, चित्रकलेवरच्या लेखांत आहे, जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. पाच-सहा वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेली ही पाने एका ठिकाणाहून दाखवून देण्याचे काम ग्रंथालयात एकाच गोष्टीकडून होते, आणि ती म्हणजे विषयवार तालिका. ही तालिका वर्षानुवर्षे लहान लाकडी खणांतल्या कार्डांवर लिहिली जात असे. आता ग्रंथालये संगणकाकडे वळत आहेत. ते योग्यच आहे. पण त्या वळणावर कार्डांवरची विद्या मागे राहून केवळ पुस्तकांची नावे पुढे जाणार असतील, तर वाचकाचे नुकसान होणार आहे, आणि ते नुकसान सहज लक्षातही येणार नाही. मला जे म्हणायचे आहे ते एवढ्यापुरतेच आहे.

तालिका आणि यादी यांतला फरक आधी स्पष्ट केला पाहिजे. प्रत्येक ग्रंथालयात दाखल रजिस्टर असते. पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुढे लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, किंमत आणि कुणाकडून घेतले याची नोंद होते. हे मालमत्तेचे दप्तर आहे. हिशेबतपासनीसाला ते लागते, अनुदानाच्या तपासणीला लागते. वाचकासाठी मात्र ते केलेले नसते, कारण त्यातला क्रम पुस्तक कधी आले यावर ठरतो आणि आपल्या विषयाचे पुस्तक कधी विकत घेतले गेले हे वाचकाला माहीत असण्याचे कारण नाही. तालिका याच्या उलट टोकापासून सुरू होते. वाचकाला काय ठाऊक आहे, हा तिचा पहिला प्रश्न. कुणाला लेखक ठाऊक असतो, कुणाला फक्त पुस्तकाचे नाव, कुणाला अनुवादकाचे आडनाव, आणि बहुतेकांना केवळ विषय. म्हणून एकाच पुस्तकाची चार-पाच कार्डे लिहिली जात आणि वर्णानुक्रमाने वेगवेगळ्या खणांत पडत. चार्ल्स कटर या अमेरिकी ग्रंथपालाने 1876 मध्येच तालिकेची कामे सांगून ठेवली होती: लेखक, नाव किंवा विषय यांपैकी एक जरी माहीत असेल तरी वाचकाला पुस्तक सापडावे, एका लेखकाचे, एका विषयाचे आपल्याकडे काय काय आहे ते त्याला दिसावे, आणि त्यातून निवड करायला त्याला मदत व्हावी. यातले दुसरे आणि तिसरे काम दाखल रजिस्टराकडून कधीच होत नाही, मग ते वहीत असो की संगणकात.

खानदेशापुरते पाहू. 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांची नावे जळगाव आणि धुळे अशी झाली, आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे आजच्या नंदुरबारविषयी जुना मजकूर हवा असेल तर ‘धुळे’, त्याआधीचा ‘पश्चिम खानदेश’ आणि 1880 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला ‘खानदेश’ अशा तीन नावांखाली शोधावे लागते. संगणकाच्या चौकटीत ‘नंदुरबार’ असे टाइप करणाऱ्या मुलीला यातले काहीच दिसणार नाही, कारण संगणक अक्षरे जुळवतो, भूगोल आणि इतिहास जुळवत नाही. चांगल्या तालिकेत मात्र ‘नंदुरबार जिल्हा’ या शीर्षकाखाली एक छोटे कार्ड असते: ‘1998 पूर्वीच्या मजकुरासाठी धुळे जिल्हा हेही पहा’. त्या कार्डावर कोणत्याही पुस्तकाची नोंद नसते. ग्रंथालयाची मालमत्ता त्याने एका रुपयानेही वाढत नाही. तरीही वाचकाच्या दृष्टीने त्या खणातले सर्वांत मोलाचे कार्ड तेच आहे. त्यात ‘खानदेश’ आणि ‘खान्देश’ अशी दोन्ही लेखने छापील पुस्तकांत सर्रास आढळतात. एक लिहिले की दुसरे निसटते. अहिराणीचेही तसेच आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात तिचे वर्णन ‘खानदेशी’ या नावाखाली, भिल्ली भाषांच्या खंडात आहे. ‘अहिराणी’ शोधणाऱ्याला तिकडे वळवणारे कुणीतरी लागते.

मराठी लेखकांच्या नावांनी तर हे काम आणखीच अवघड केले आहे. धरणगावात जन्मलेले बालकवी एका पुस्तकावर बालकवी असतात, तर दुसऱ्यावर त्र्यंबक बापूजी ठोंबरे. साने गुरुजी कुठे ‘सा’मध्ये मिळतात, कुठे पांडुरंग सदाशिव म्हणून ‘पां’मध्ये. विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर आणि लग्नापूर्वीच्या बाळूताई खरे ही एकाच लेखिकेची नावे आहेत हे ज्या वाचकाला आधीच माहीत आहे, त्यालाच तिचे सगळे लेखन सापडणार असेल, तर ग्रंथालयाचा नव्या वाचकाला उपयोग काय? त्यावर शुद्धलेखनाचा प्रश्न आहेच. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या खंडांच्या मुखपृष्ठावर ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे छापलेले आहे. 1962 च्या नियमांनंतर शिकलेली पिढी ते अनुस्वार देणार नाही. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठ प्रामाणिकपणे उतरवले आणि शोधणाऱ्याने आजच्या नियमाने लिहिले, दोघेही बरोबर असले, तरी त्यांची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणे म्हणजेच तालिका करणे. बहिणाबाई चौधरींच्या कवितासंग्रहाची नोंद करताना कवयित्रीच्या नावाचे कार्ड लागतेच, पण त्या कविता जपणाऱ्या सोपानदेवांचे, संग्रहाला प्रस्तावना लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांचे, आणि बोलीभाषेतील कवितेचे अशी आणखी तीन कार्डे पडली, तर ते पुस्तक चार वेगळ्या वाटांनी चार वेगळ्या वाचकांपर्यंत जाते. अक्षर न शिकलेल्या कवयित्रीचे शब्द छापापर्यंत पोचले ते कुणीतरी लिहून ठेवल्यामुळे. छापून झाल्यावरही ते वाचकापर्यंत पोचायचे तर पुन्हा कुणालातरी लिहावे लागते.

धुळे शहराला तर या विषयाचे महत्त्व कुणी समजावून सांगण्याची गरज पडू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली आणि 31 डिसेंबर 1926 रोजी तिथेच देह ठेवला. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांच्या आधाराने 1927 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी 1893 मध्ये सत्कार्योत्तेजक सभा काढली, रामदासी मठामठांतून हस्तलिखिते गोळा केली, आणि श्री समर्थ वाग्देवता मंदिरात ती जतन झाली. तिथले साहित्य बाडांच्या स्वरूपात आहे. बाड म्हणजे एक पुस्तक नव्हे. एकाच बाडात अनेक कवींचे अभंग, पदे, आरत्या, एखादे प्रकरण, मध्येच एखादी वंशावळ असे काहीही असू शकते. अशा बाडाची ‘रामदासी बाड, एक’ अशी नोंद केली तर ते मोजले जाते, पण त्यातला मजकूर अज्ञातच राहतो. म्हणून बाडातल्या प्रत्येक रचनेची स्वतंत्र नोंद लागते. संशोधक आज ‘धुळे, बाड क्रमांक अमुक’ असा दाखला देऊ शकतात तो अशा नोंदी करणाऱ्यांच्या जोरावर. राजवाड्यांचेच आणखी एक उदाहरण घ्या. 1922 मध्ये त्यांनी जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ प्रसिद्ध केला. नावावरून कुणालाही ते राधाकृष्णाचे काव्य वाटेल आणि काव्याच्याच कपाटात ते जाईल. शहाजीराजांच्या दरबाराविषयी लिहिणाऱ्याला मात्र तो ग्रंथ आणि त्याची भलीमोठी प्रस्तावना वगळून चालत नाही. ‘शहाजी भोसले’ या शीर्षकाखाली त्याचे कार्ड नसेल, तर विषय माहीत असलेला पण ग्रंथ माहीत नसलेला वाचक त्याच्या शेजारून निघून जाईल. आणि ज्याला ग्रंथ आधीच माहीत आहे त्याला तालिकेची गरज मुळात कमीच असते.

ही विद्या परकी आहे, आपल्याकडे रुजली नाही, असे म्हणणाऱ्यांनी बडोद्याकडे पाहावे. मालेगावजवळच्या कवळाण्यात, म्हणजे खानदेशाच्या उंबरठ्यावर जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले, आणि पुढच्याच वर्षी तिथे ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले. संस्थानातल्या खेड्यापाड्यांत फिरत्या पेट्यांतून पुस्तके गेली. मद्रासमध्ये गणिताचे अध्यापन सोडून 1924 मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेल्या डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि 1934 मध्ये तालिकेची स्वतःची संहिता दिली. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांचा चौथा नियम आहे. मराठीत तर शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 आणि पुढे 1938 ते 1950 या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध केली. एका माणसाने आयुष्य वेचून केलेले हे काम आजही मराठीच्या अभ्यासकाच्या टेबलावर असते. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे. अमळनेरला 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर निघाले. अशा प्रदेशात ग्रंथांची व्यवस्था ही बाहेरून आणायची गोष्ट नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की संगणक आल्यावर कार्डांची गरजच उरली नाही. कार्डे छापून ग्रंथालयांना पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या ओसीएलसी या संस्थेने 1 ऑक्टोबर 2015 रोजी शेवटची कार्डे छापली. जगाने जे सोडले ते आपण कवटाळून का बसायचे? कार्डाच्या उणिवा मला मान्य आहेत. कार्ड एकाच ठिकाणी असते. धुळ्यातल्या वाचकाला जळगावचा खण दिसत नाही. चुकीच्या जागी गेलेले कार्ड हरवल्यातच जमा. पाच कार्डे लिहायला वेळ लागतो. संगणक या तिन्ही अडचणी सोडवतो, आणि तो चांगला वापरला तर एकच ‘हेही पहा’ची नोंद शंभर ग्रंथालयांना पुरते. म्हणून लाकडी कपाट ठेवा, असा माझा आग्रहच नाही. आग्रह आहे तो संगणकात काय भरायचे याबद्दल. दाखल रजिस्टर समोर ठेवून लेखक, नाव आणि किंमत टाइप केली, तर काम लवकर संपते आणि अहवालात ‘संगणकीकरण पूर्ण’ असे लिहिता येते, पण विषय, अनुवादक, टोपणनावे आणि ‘पहा’च्या सूचना रजिस्टरात नसल्यामुळे त्या संगणकातही येत नाहीत. पुढे कपाट रद्दीत गेले की त्या कायमच्या जातात. अमेरिकेत हे घडले तेव्हा निकोल्सन बेकर या लेखकाने 1994 मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये दीर्घ लेख लिहून त्याकडे लक्ष वेधले होते. त्यांच्याकडे निदान नोंदींचे मोठे सामाईक भांडार होते. लहान गावात छापलेली आपली मराठी पुस्तके, स्मरणिका, गौरवग्रंथ यांच्या तयार नोंदी देणारे असे भांडार आपल्यामागे उभे नाही. शिवाय संगणकातली नोंद अमर असते असेही नाही. युनिकोड रूढ होण्याआधी खासगी मराठी फाँटांत भरलेला मजकूर आज उघडला तर अनेकदा अर्थहीन अक्षरांची रांग दिसते. शाईने लिहिलेले कार्ड मात्र अजून वाचता येते.

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे: तालिका पाहतो कोण? वाचक सरळ ग्रंथपालाला विचारतो, किंवा मुक्तद्वार असेल तर कपाटापाशी उभा राहून चाळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत. पण ग्रंथपाल जे चटकन सांगतो ते तीस वर्षांच्या अनुभवाने त्याच्या डोक्यात तयार झालेली तालिकाच असते, आणि तो निवृत्त झाला की ती त्याच्याबरोबर घरी जाते. कार्ड हा त्या ज्ञानाचा पुढच्या माणसाला दिलेला लेखी ताबा आहे. कपाटापाशी चाळण्याचे सुख मोठे आहे, पण एक पुस्तक एकाच कपाटात राहू शकते. फैजपूरच्या अधिवेशनाची पाने सहा कपाटांत असतील तर चाळून ती सहाही सापडणे नशिबाची गोष्ट. त्यातही एक मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. ग्रंथपालाला विचारण्याचे धाडस प्रत्येकाला होत नाही. पहिल्यांदाच ग्रंथालयाची पायरी चढलेला आदिवासी वसतिगृहातला मुलगा, आजारपणाविषयी किंवा घटस्फोटाच्या कायद्याविषयी वाचू इच्छिणारी बाई यांना आपला प्रश्न मोठ्याने सांगायचा नसतो. तालिका कुणालाही कारण विचारत नाही.

गुगल आहे की, असेही म्हटले जाते. गुगल जगात काय आहे ते सांगते. शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटात काय आहे ते त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. यावर याहून अधिक बोलण्याची गरज नाही.

खर्चाचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो ग्रंथालयांच्या कर्मचाऱ्यांचा आहे म्हणून अधिकच. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, शासनमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. त्या अनुदानात पुस्तके, जागा, वीज आणि पगार बसवायचे असतात, आणि पगार किती तुटपुंजे आहेत हे सर्वांना माहीत आहे. अशा माणसाला ‘आता विषयवार नोंदीही करा’ असे सांगणे अन्यायाचे ठरेल, जर त्या कामाचे वेगळे मोल दिले नाही तर. म्हणूनच हे काम एकेका ग्रंथालयावर सोडू नये. वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या आणि नियतकालिकांची संख्या मोजली जाते. विषयवार तालिका आहे की नाही आणि ती कशी आहे, यालाही गुण द्यावेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे ज्याच्या कक्षेत येतात ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावातच आहे. मराठी, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी जिल्ह्यातल्या जुन्या वाचनालयांच्या कार्डांचे छायाचित्रण आणि नोंदणी हा प्रकल्प देता येईल. खानदेशातली गावे, व्यक्ती, टोपणनावे, जमाती, बोली यांची एक सामाईक शीर्षकसूची एकदा नीट तयार झाली की प्रत्येक वाचनालयाला ती फुकट वापरता येईल. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारख्या प्रणालींत अशा सूचीची सोय आहे. नवे यंत्र शोधून काढायचे नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुनी कार्डे जशीच्या तशी उतरवणे हेही योग्य होणार नाही. 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला आणि तो पुस्तकांच्या नावांतून विषयशीर्षकांतही आला. खानदेशातल्या भिल्लांविषयीचे जुने लेखन इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून झालेले आहे. 1857-58 च्या उठावातला खाजा नाईक त्या कागदांत लुटारू म्हणून येतो. आजच्या तालिकेत त्याची जागा स्वातंत्र्यलढ्याच्या शीर्षकाखाली असली पाहिजे. पण जुने शीर्षक पुसूनही टाकू नये, कारण जुन्या कागदांपर्यंत जाण्याची वाट त्यातूनच आहे. जुन्या शब्दाखाली ‘पहा’ लिहून नव्या शब्दाकडे पाठवायचे, म्हणजे संशोधकाला कागद मिळतो आणि ग्रंथालय तो शिक्का स्वतःच्या नावाने पुढे चालवत नाही. हा निर्णय माणसाने विचार करून घ्यावा लागतो, आणि तालिका करणाऱ्याला टंकलेखकाचे नव्हे तर अभ्यासकाचे मानधन का द्यावे याचे उत्तरही यातच आहे.

सार्वजनिक ग्रंथालये सभासदांची असतात, त्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा होते आणि तिथे सभासदाला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. आपल्या वाचनालयाच्या पुढच्या सभेत एवढे जरूर विचारा: आपली जुनी कार्डे कुठे आहेत, ती संगणकातल्या नोंदींशी ताडून पाहिली आहेत का, आणि तसे होईपर्यंत कपाट रद्दीत जाणार नाही असा ठराव करायला कार्यकारी मंडळ तयार आहे का. मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.